पितळी कडं

बाईंची लेक पट्टीखाली कात्रीचं टोक सरकवत होती.

"हलू नकोस. जराही हलू नकोस."

गोटी हलत नव्हतीच. पलंगावर मांडी घालून, दोन्ही हात पुढे धरून ती मुकाट बसली होती. मनगटापासून बोटांच्या शेंड्यापर्यंत जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि एकेक पट्टी कापली जाताना पाहून तिचं तोंड रडवेलं होत होतं. हात दुखत होते म्हणून नव्हे.

"कापू नको ना! खेळ संपला नव्हता अजून."

"कसला खेळ?"

"पणजीचा. पणजी हात बांधते, मग मी खोटं खोटं झोपायचं, आणि मग पणजी..."

"गप्प बस तू. एक अक्षर बोलू नकोस."

बाई दारातच उभ्या राहिल्या होत्या, हातात औषधांची पिशवी तशीच. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात लेक ऑफिसातून लवकर आली होती आणि तिला काय दिसलं, तर आपली सहा वर्षांची पोर डोळे मिटून पलंगावर पडलेली, दोन्ही हात बांधलेले, आणि शेजारी आपली आजी भिंतीकडे कान देऊन बसलेली. तिने किंकाळीच फोडली म्हणे.

पणजी, म्हणजे बाईंची आई, आता खिडकीजवळच्या खुर्चीत होती. उरलेली पट्टी मांडीवर घेऊन ती तिची गुंडाळी करत होती. एवढ्या गोंधळाचं तिला काही नव्हतं. हल्ली बऱ्याच गोष्टींचं नसायचं.

"हे काय आहे, आई?" लेकीने गोटीचे हात बाईंच्या पुढे धरले. कातडीवर पट्ट्यांचे वळ उठले होते, लालसर, आडवे.

बाईंना ते काय आहे हे चांगलंच ठाऊक होतं. पट्टी करंगळीपासून सुरू करायची. बोटं एकमेकांना चिकटवून घ्यायची. अंगठा शेवटी, तळव्याकडे वळवून. गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे कुशीवर झोपलं तर टोचत नाही. त्यांनी औषधांची पिशवी खाली ठेवली आणि स्वतःचे हात पदराखाली झाकावेत तसे काखेत दाबून धरले.

"आत चल," त्या म्हणाल्या. "सांगते."

सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला, दोन दोन पिढ्यांना त्यांनीच मुळाक्षरं गिरवायला लावली, तेव्हा दुसरं काय म्हणणार? गोटीसुद्धा बाईआजी म्हणायची. आणि बाईंचा वर्ग म्हटला की हातमोज्यांच्या कारखान्याच्या गोष्टी आल्याच. मुलं अभ्यासाला कंटाळली की बाई खडू ठेवून द्यायच्या आणि म्हणायच्या, "मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा मी नोकरी करत होते!" मुलं खिदळायची. मग बाईही खिदळायच्या.

पत्र्याच्या छपराखालचं ते लांबलचक दालन, उंचावरच्या खिडक्या, कातड्याचा आणि पांढऱ्या भुकटीचा वास. मोजा उलटा शिवतात, मग प्रत्येक बोट सुलटं करावं लागतं. मोठ्या माणसाचं बोट त्यात शिरत नाही, काडीने रेटलं तर तलम कातडं फाटतं. लहान मुलाचं बोट मात्र बरोबर जातं, अगदी शेंड्यापर्यंत. म्हणून ही चिमुरडी फौज. पांढऱ्या भुकटीने सगळ्यांचे केस पिकलेले, दहा-बारा म्हाताऱ्या आणि म्हातारे जमिनीवर ओळीने बसलेत आणि गातायत,

*करंगळे करंगळे, बाहेर ये,*
*अंगठेमामा वाट बघे.*

हे गाणं बाईंनी वर्गातही शिकवलं होतं, बोटांची नावं पाठ व्हावीत म्हणून. मोठे झालेले विद्यार्थी रस्त्यात भेटले की अजून करंगळी हलवून दाखवायचे.

शेजारी बसणारी बोबडी म्हणायची की हे मोजे चोल लोक, म्हणजे चोर, घालतात. गावात तर कधी कुणाच्या हातात मोजे दिसले नव्हते, तेव्हा दुसरं कोण असणार? मुकादमीण होती, तिचं नाव टकटक. हातातली काडी आधी जमिनीवर टकटक, मग बोटांच्या पेरांवर. तिची नक्कल बाई इतकी हुबेहूब करायच्या की पोरं पोट धरून हसायची. आणि मालकांच्या मेजाशेजारी खिळ्याला टांगलेलं ते पितळी कडं! महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी ओळीने यायचं आणि त्यातून हात घालायचा. अलगद गेला तर बसा कामाला. अडला तर घरी. मोठा हात मोज्याच्या काय कामाचा? कड्यापाशी पोचलं की प्रत्येक पोर श्वास आत घेऊन पोट खपाटीला न्यायचं. पोट आत ओढलं की हात बारीक होतो, अशी सर्वांची पक्की समजूत होती.

आठवण पुन्हा पुन्हा सांगितली की तिचे कोपरे झिजतात. बाईंच्या कारखान्याला आता एकही कोपरा उरला नव्हता. लेकही त्याच गोष्टी ऐकत मोठी झाली होती आणि लहानपणी एकदा रडून बसली होती, मलाही मोज्यांच्या कारखान्यात जायचंय म्हणून.

स्वयंपाकघरात गोटीच्या हातांना खोबरेल लावता लावता बाईंनी न सांगितलेला भाग सांगितला.

त्यांचे बाबा त्याच कारखान्यात कातडं कापायचे. एकदा पातं निसटलं आणि उजवा हात कायमचा आखडला. तेव्हापासून बाबा खाटेवर, आणि घर आईच्या चार घरच्या धुण्यावर आणि छकुलीच्या बोटांवर. छकुली म्हणजे बाई. कुणीतरी बाबांच्या डोक्यात भरवलं की बांधलेला हात वाढत नाही. झालं! बुडत्याला काडीचा आधार. त्याच संध्याकाळी बाबांनी जुनी चादर फाडायला लावली.

"आई तेल कोमट करायची," बाई म्हणाल्या. "बोटन् बोट चोळायची. मी गाणं म्हणायचे, तीही म्हणायची. मग बांधायची. बाबा खाटेवरून विचारायचे, घट्ट बांधलंस? ती म्हणायची, बांधलंय. मग मी दोन्ही हात बाबांपुढे धरायचे, आणि ते डाव्या हाताने चाचपून बघायचे. सकाळी पुन्हा बघायचे."

"आणि तू तशीच झोपायचीस? रात्रभर?"

"झोपायचे कसली, पडले की मेल्यासारखी. दिवसभर मोजे सुलटे करून तू बघ एकदा."

"आणि आजी?"

बाई थांबल्या. गोटीचं एक बोट त्यांच्या चिमटीत तसंच राहिलं.

"आजीचं काय. आजी झोपाळू. ठाऊक आहे ना तुला."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पणजीची झोप हा घरातला जुना विनोद होता. ती चुलीपुढे बसल्या बसल्या डुलकी घ्यायची, दूध उतू जायचं आणि लेकीचा धाकटा मामा ओरडायचा, "राणीसाहेब, राज्य वाहून चाललं!" धुणं वाळत घालताना दोरीला धरून उभ्या उभ्या झोपलेली आई बाईंनी स्वतः पाहिली होती. शेजारणी म्हणायच्या, हिला झोपेचंच वरदान आहे, बाकी नवऱ्याच्या घरी काय मिळालं बिचारीला? बाईंच्या लग्नात पटकन मान टाकून ती सोफ्यावर झोपली होती, त्याचा फोटोसुद्धा होता.

"एकदासुद्धा," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, "एकदासुद्धा ती म्हणाली नाही की आज नको, आज राहू दे. बाबांचं मी समजू शकते. ते धास्तावले होते. पण ही आई होती ना माझी? माझ्या बोटांना मुंग्या यायच्या, मी सांगायचे तिला. ती म्हणायची, डोळे मीट, जाईल."

 आयुष्यात पहिल्यांदाच लेकीने आपल्या आईला आजीबद्दल वाकडा शब्द काढताना ऐकलं होतं.

"मग सुटलीस कशी?"

"सुटले कुठे, अडले. कडं अंगठ्याच्या मुळाशी अडलं. टकटकने पाणी लावून पाहिलं, साबण लावून पाहिला. एवढं बांधूनसुद्धा मेले वाढले होते हात. मी रडत घरी आले. बाबा म्हणाले, पोरीच्या हातांनी घात केला. पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, काम नाही तर नाही, शाळेत तरी बसू दे, घरात पायात पायात येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन बसवलं." बाई जराशा हसल्या. "तेव्हापासून मी शाळेतच."

गोटी मान वर करून दोघींकडे पाहत होती.

"बाईआजी, पण पणजी नंतर..."

"जा, बाहेर जाऊन खेळ," लेक म्हणाली.

गोटी गेल्यावर लेकीने आवाज खाली आणला, पण शब्द काही खाली आणले नाहीत. "आई, मला वाईट वाटतं, पण मी स्पष्टच बोलते. आजीला आता काही समजत नाही. आज हात बांधले, उद्या गळ्याला काही बांधेल. मी गोटीला इथे सोडू शकत नाही. एक तर आजीची कुठेतरी सोय कर, नाहीतर मी गोटीची करते."

लेकीला वाटलं होतं, आई भांडेल. निदान मला वेळ दे म्हणेल. बाईंनी तेलाची बाटली बंद केली.

"तू काही करू नकोस. त्या नदीपलीकडच्या वृद्धांच्या संस्थेत जागा असते. उद्या बोलते मी."

बोलल्याही. जागा होती. रविवारी आणून सोडा म्हणाले.

मधले दिवस बाई कामाला जुंपल्यासारख्या वागल्या. आईचे कपडे धुतले, इस्त्री केले, फाटलेले शिवले. औषधं डब्यांत भरली. एरवी आईला घास भरवताना दहादा विचारणाऱ्या बाई आता ताट पुढे ठेवून निघून जायच्या. राग इतक्या वर्षांनी आला होता, पण शिळा नव्हता, गरमागरम होता. रात्रंदिवस बोटांच्या पेरांत काहीतरी ठुसठुसत राहायचं. बाईंनी स्वतःला समजावलं की वय झालं, संधिवात असेल.

एकदाच त्यांनी विचारलं. आईच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि हात पुढे केले.

"आई, हे हात ओळखतेस?"

पणजीने नीट निरखून पाहिलं. "मोठे आहेत," ती म्हणाली आणि प्रसन्न हसली. "छान मोठे आहेत."

ते हसू बाईंना जिव्हारी लागलं. त्या उठून गेल्या.

शनिवारी दुपारी लेक गोटीला घेऊन आली, पणजीला भेटवायला. गोटीला सांगितलं होतं की पणजी मोठ्या घरी राहायला जाणार, तिथे तिच्याएवढ्याच पुष्कळ पणज्या आहेत. गोटीने यावर एवढंच विचारलं होतं की त्यांना कुणाला खेळ येतो का.

लेक चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. बाई आतल्या खोलीत कपाटापुढे खाली बसून पिशवी भरत होत्या. स्वेटर, पंचे, चष्म्याचं घर. दार अर्धवट उघडं होतं. पलंगाचा एक कोपरा आणि पणजीची खुर्ची तिथून दिसत होती. गोटी सोबत होती म्हणून बाई दोन घड्या घालून एकदा वर बघायच्या.

एकदा वर बघितलं तर खुर्ची रिकामी होती.

पणजी पलंगावर होती. गोटी तिच्या पुढ्यात, दोन्ही हात पुढे धरून. पट्टी कुठून आली? गोटीच्या फ्रॉकच्या खिशातून, दुसरं कुठून येणार! लेकीने कापलेले तुकडे त्या दिवशी तिने गुपचूप उचलले होते आणि गाठी मारून मारून त्यांची एक लांब पट्टी केली होती. पणजीचा हात सराईतपणे चालला होता. करंगळीपासून सुरुवात. बोटं चिकटवून. अंगठा शेवटी. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणणं चालू होतं आणि ते कोणतं गाणं आहे हे बाईंना न ऐकताच कळलं.

त्या उठल्या. गुडघ्यातून कळ आली, पण त्या दारापर्यंत पोचल्या. "आई!" असा शब्द ओठांवर आलाही होता.

तोवर गोटी आडवी झाली होती. डोळे गच्च मिटून, ओठ दाबून, झोपेचं नाटक करत. बाईंची चाहूल लागली तसा तिने एक डोळा किलकिला केला आणि बांधलेला हात जरासा उचलून त्यांना थांबवलं. वर्गातल्या पोरांना बाई थांबवायच्या तसंच.

बाई थांबल्या.

पणजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या दिवशी लेकीला दिसली होती तशीच, कान देऊन. भिंतीपाशी काही नव्हतं. पण जुन्या घरात तिथे खाट असायची. पणजीने बराच वेळ ऐकलं. घोरण्याचा आवाज नीट लागला आहे ना, याची खात्री करून घ्यावी तसं. मग ती वळली आणि गोटीच्या मनगटाच्या आतल्या बाजूची गाठ तिने सोडली.

पट्टी उलटी फिरू लागली. आधी अंगठा. मग तर्जनी. मोकळं झालेलं प्रत्येक बोट पणजी आपल्या दोन बोटांत घेऊन हलकेच चोळायची, त्यावर फुंकर घालायची, मग पुढचं.

"हसू नको गं," ती कुजबुजली. गोटीला खरंच हसू फुटत होतं. "बाबा जागे होतील. झोप तू, माझी छकुली. केले मोकळे. वाढू देत गं, वाढू देत. उजाडायच्या आत मी बांधते परत. मी आहे जागी."

*करंगळे करंगळे, बाहेर ये.*

दोन्ही हात मोकळे झाले. पणजीने पट्टीची गुंडाळी केली, ती मुठीत धरली आणि भिंतीला पाठ टेकून ताठ बसली. डोळे उघडे. ते मिटू लागले की ती स्वतःलाच चिमटा काढायची आणि पुन्हा ताठ व्हायची. तिच्या दंडावर कोपराच्या वर एक जुना काळसर डाग होता. तो जन्मखूण आहे असं बाई आजवर समजत आल्या होत्या.

दाराची चौकट धरून बाई उभ्या होत्या. चुलीवरचं उतू गेलेलं दूध त्यांना आठवलं, धुण्याची दोरी आठवली, लग्नातला फोटो आठवला, आणि राणीसाहेब म्हटल्यावर आपण सगळे किती हसायचो तेही. पहाटे जाग यायची तेव्हा आई नेहमी शेजारी बसलेली असायची. आपण तेव्हा तिला विचारायचो, कधी उठलीस? ती म्हणायची, आत्ताच.

"बाईआजी," गोटीने डोळे न उघडताच दबक्या आवाजात सांगितलं, "हा आहे खेळ. मी तुम्हाला केव्हाची सांगतेय."

बाई पलंगाशी आल्या आणि आईशेजारी बसल्या. आईचा हात धरून त्यांनी चिमट्यातली बोटं सोडवली. त्या हाताला धुण्याच्या साबणाचा वास अजून यायला हवा असं त्यांना उगीच वाटलं. पणजीचं डोकं हळूहळू त्यांच्या खांद्यावर आलं. मग ती एकदम दचकली.

"उजाडलं?"

 खिडकीतून दुपारचं ऊन थेट पलंगावर पडलं होतं. बाईंनी हात लांब करून पडदा ओढला.

"नाही, आई. पुष्कळ वेळ आहे अजून. झोप तू. मी जागी आहे, मी उठवते तुला."

"नक्की?"

"नक्की."

पणजीच्या मुठीतून गुंडाळी सुटली आणि पट्टी उलगडत फरशीवर घरंगळत गेली. लेक चहाचे कप घेऊन आली तेव्हा ती तिच्या पायात आली. तिने पट्टीकडे पाहिलं, गोटीच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. तिला काही विचारायचं होतं, पण तिने दुसरंच विचारलं.

"पिशवी भरून झाली?"

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."